मुलगा, कुत्रा आणि युद्ध : कमी खर्चातल्या युद्धपटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाचे दिवस, एक लहान मुलगा, त्याचा कुत्रा आणि हातात जेमतेम पैसे. या कल्पनेवर काम करणारे बरेच जण मला पटकथा वाचायला देतात आणि पाठोपाठ प्रश्न पाठवतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पटकथा दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमध्ये घडतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत.

१. युद्धपट म्हटला की रणगाडे, विमानं, शेकडो सैनिक आलेच. तेवढे पैसे नसतील तर असा चित्रपट करावाच का?

जरूर करावा. दहा वर्षांच्या मुलाने युद्ध नकाशावर पाहिलेलं नसतं. दाराशी काढून ठेवलेले वडिलांचे लष्करी बूट एक दिवस तिथे नसतात, आई खिडक्यांना काळा कागद लावत असते, संध्याकाळी रस्त्यावर एकही दिवा लागत नाही. त्याच्यापर्यंत युद्ध पोहोचतं ते घरातल्या नवीन नियमांच्या रूपाने. लोणी एवढंच मिळेल, बाहेर उजेड दिसता कामा नये, कुत्र्याला निवाऱ्यात आणायचं नाही. हे सगळं दोन खोल्या, एक जिना आणि एक परसदार एवढ्या जागेत मावतं.

मी प्रत्येकाला आधी कॅमेऱ्याची उंची ठरवायला सांगतो. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, म्हणजे कुत्र्याच्या नजरेच्या जरा वर आणि मुलाच्या छातीच्या आसपास. तिथून मोठी माणसं म्हणजे कोटाची टोकं, बूट, हातातल्या पिशव्या. दहा गणवेश शिवण्यापेक्षा दहा जोड बूट जमवणं कितीतरी स्वस्त, आणि मुलाला जग तसंच दिसतं, त्यामुळे ते खोटंही वाटत नाही. रणांगण दाखवायचंच असेल तर मात्र ही गोष्ट निवडू नका. थोड्या पैशांत उभी केलेली लढाई पहिल्याच शॉटला उघडी पडते.

२. घरातल्या कुत्र्याचा युद्धाशी संबंध काय? तो आघाडीवर गेलाच नाही तर नाट्य कुठून येणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९३९ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या काळात पाळीव जनावरांचं काय करायचं, हे सांगणारं एक पत्रक निघालं. त्यासाठी नेमलेल्या समितीचं संक्षिप्त नाव नारपॅक. पत्रकाचा आशय असा : शक्य असेल तर जनावराला आधीच गावाकडे न्या किंवा पाठवा, शेजाऱ्यांकडे ठेवण्याची सोय होत नसेल तर त्याला मारून टाकणंच खरं दयेचं ठरेल. त्याच पत्रकात जनावरं मारण्याच्या पिस्तुलाची जाहिरातही होती. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. तेव्हा लंडनवर एकही बॉम्ब पडलेला नव्हता, तरीही पशुवैद्यांच्या आणि जनावरांच्या दवाखान्यांच्या दारांत रांगा लागल्या. काही दिवसांत एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरं मालकांनी स्वतः नेऊन मारवली. सरकारचा तसा हुकूम नव्हता. सक्तीही नव्हती.

तुमचं नाट्य इथे आहे. आई वाईट नाही. तिने पत्रक वाचलं आहे, शेजारीण कालच जाऊन आली आहे, नवरा सैन्यात गेला आहे, आणि मुलगा कुत्र्याच्या गळ्यात हात घालून झोपला आहे. ती रांगेत उभी राहील का? हा प्रसंग लिहायला एक स्वयंपाकघर आणि दोन माणसं पुरतात. त्या काळाविषयी वाचताना मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते हेच, की बॉम्ब पडायच्या आधीच घराघरांत निर्णय होऊन गेले होते.

याला विरोध करणारेही होते, तेही पटकथेत येऊ द्या. प्राणिसेवी संस्था लोकांना घाई करू नका म्हणून सांगत होत्या. लंडनच्या बॅटरसी भागातल्या श्वानगृहाने तर युद्धाच्या काळात सुमारे १ लाख ४५ हजार कुत्री सांभाळली.

३. मुलगा कुत्र्याला घेऊन आगगाडीने गावाकडे जातो, असं दाखवलं तर चालेल?

सरकारी योजनेतून जात असेल तर नाही. १ सप्टेंबर १९३९ पासून काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून हलवलं गेलं. त्यांत शाळकरी मुलं होती, तान्ह्या बाळांच्या आया होत्या, शिक्षक होते. मुलांच्या कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कची पुठ्ठ्याची पेटी आणि हातात छोटं बोचकं. पाळीव प्राण्यांना त्यात जागा नव्हती.

फलाटावरची ताटातूट बहुतेकांना लिहावीशी वाटते, पण जुनं स्थानक उभं करणं महागात जातं. त्यापेक्षा आदल्या रात्रीचा प्रसंग लिहा. बोचकं बांधताना मुलगा कुत्र्याचा पट्टा आत ठेवतो, आई तो काढते, तो परत ठेवतो. घरच्यांनी मुलाला खासगी रीतीने नातेवाइकांकडे पाठवलं तर कुत्रा सोबत जाऊ शकतो. पण मग पटकथेतली निम्मी अडचण नाहीशी होते. आणि गेलेली बरीच मुलं काही महिन्यांतच शहरात परतली होती, हेही विसरू नका. परत आल्यावर दाराशी कुत्रा आहे की नाही, हा प्रसंग मला अजून कुणाच्याच पटकथेत सापडलेला नाही.

४. हवाई हल्ला चालू असताना मुलगा कुत्र्याला कुशीत घेऊन सार्वजनिक निवाऱ्यात बसलेला दाखवला आहे. चूक आहे का?

नियमाने चूक. सार्वजनिक निवाऱ्यात कुत्र्यांना प्रवेश नव्हता. लोक लपवून आणत असतील तर ते लपवणं दिसलं पाहिजे. कोटाखालचा उंचवटा, दाबून धरलेलं तोंड, पलीकडच्या बाईची नजर. नियम मोडला जातोय हे प्रेक्षकाला कळलं की साधा प्रसंग ताणला जातो.

स्वतःच्या घरचा निवारा असेल तर कुणी अडवणारं नव्हतं. अँडरसन निवारा म्हणजे परसात जमिनीत अर्धवट पुरलेला, नालीदार पत्र्याचा, वर माती टाकलेला. त्यापेक्षा कमी खर्चाचा आणि माझ्या मते जास्त उपयोगाचा म्हणजे १९४१ मध्ये आलेला मॉरिसन निवारा : वर पोलादी पत्रा, बाजूंना जाळी, दिवसा जेवणाचं टेबल आणि रात्री पिंजरा. सुतार आणि वेल्डर मिळून एक तयार करतील. त्याच्या आत मुलगा आणि कुत्रा, बाहेर दिवा विझलेला. चित्रपटाचा चांगला पाऊण तास या एका वस्तूभोवती उभा राहू शकतो. एवढंच बघा, की गोष्ट १९४० मधली असेल तर हे टेबल घरात नसणार.

५. कुत्र्याला रेशन मिळायचं का?

नाही. माणसांचं रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर यांपासून सुरू झालं. कुत्र्यांसाठी वेगळं रेशन कधीच नव्हतं. शिवाय १९४० मध्येच अन्न वाया घालवणं गुन्हा ठरलं. म्हणून मुलगा स्वतःच्या ताटातला तुकडा टेबलाखाली सरकवतो ही त्या घरातली गंभीर गोष्ट होती. तो शॉट गोड करून दाखवू नका. आईने पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही, असा दाखवा.

६. पण कुत्रे सैन्यात गेले होते ना? मग आमचा कुत्रा का नको?

गेले होते, आणि त्यांतले बरेच घरचेच होते. ब्रिटनमध्ये लोकांनी आपली कुत्री सैन्याला उसनी दिली. अमेरिकेतही १९४२ पासून नागरिकांनी दिलेले कुत्रे पहाऱ्यासाठी आणि निरोप पोहोचवण्यासाठी तयार केले गेले, आणि युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा माणसांत राहायला शिकवून घरी पाठवलं. तुमच्या गोष्टीत कुत्रा सैन्यात जात असेल तर कॅमेरा त्याच्या मागे नेऊ नका. मुलाजवळच थांबा. रिकामी वाटी, जुनी गोधडी, पोस्टमनची वाट. परत आलेला कुत्रा मुलाला ओळखतो का, हा शेवट एका खोलीत चित्रित होतो आणि कुठल्याही लढाईपेक्षा जास्त दाखवून जातो.

७. कुठल्या जातीचा कुत्रा घ्यावा?

जातिवंत, देखणा कुत्रा शोधण्यात वेळ घालवू नका. १९४० मध्ये पूर्व लंडनच्या पॉप्लर भागात हवाई हल्ल्यानंतर एका वॉर्डनला (हल्ल्याच्या वेळी वस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकाला) एक बेवारस, मिश्र जातीचा टेरियर सापडला. त्याचं नाव ठेवलं रिप. कसलंही रीतसर प्रशिक्षण नसताना तो ढिगाऱ्यांखालची माणसं हुंगून काढू लागला. त्याच्यामुळे शंभराहून जास्त लोक सापडले, आणि १९४५ मध्ये त्याला डिकिन पदक मिळालं. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं हे पदक मारिया डिकिन यांनी १९४३ मध्ये सुरू केलं होतं.

निवडताना स्वभाव पाहा. अनोळखी माणसं, दिवे, मोठे आवाज यांनी न बिथरणारा आणि मुलाजवळ आपणहून जाणारा कुत्रा हवा. पिल्लू घेऊ नका. चित्रीकरण लांबलं की ते वाढतं आणि आधीच्या शॉटशी जुळत नाही. अंगावर ठळक ठिपके असलेला कुत्राही टाळा, कारण दुसरा तसाच मिळत नाही, आणि दमलेल्या कुत्र्याला विश्रांती द्यायला जोडीदार लागतोच.

८. कुत्र्याकडून अभिनय कसा करवून घ्यायचा?

करवून घ्यायचा नसतो, संकलनात घडवायचा असतो. शंभरएक वर्षांपूर्वी रशियातले चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी दाखवून दिलं, की एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगवेगळी दृश्यं जोडली तर प्रेक्षक त्या चेहऱ्यात भूक, दुःख, प्रेम वाचतात. कुत्र्याचा चेहरा यासाठी अगदी योग्य. तो दाराकडे बघतोय एवढा शॉट घ्या. दारामागे प्रशिक्षक खाऊ घेऊन उभा असेल, पण तुम्ही त्यापुढे वडिलांचा रिकामा खुंटीवरचा कोट जोडलात तर प्रेक्षकांच्या घशात आवंढा येईल.

एक गोष्ट मात्र खरीच लागते : मुलगा आणि कुत्रा यांची ओळख. चित्रीकरणाआधी किमान दोन-तीन आठवडे दोघांना रोज एकत्र फिरू द्या. खाऊ मुलाच्या हातून जाऊ द्या. यात पैसे वाचवायला गेलात तर पडद्यावर कुत्रा सतत प्रशिक्षकाकडे बघताना दिसतो, आणि त्यावर संकलनात काही उपाय नाही.

९. स्फोटाच्या दृश्यात कुत्रा सेटवर असला तर प्रतिक्रिया खरी मिळेल. थोडा फटाका वाजवला तर?

नाही. अजिबात नाही.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. आपल्याला बारीक वाटणारा आवाजही त्याला नीट ऐकू येतो. एका लघुपटाच्या वेळी मी सहायक होतो, आणि कुणाला न विचारता एक फटाका लावला गेला. कुत्रा पट्टा तोडून पळाला. आम्ही तो रात्री उशिरा शोधून काढला, पण त्यानंतर तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. त्यातल्या लहान मुलीने पुढचे दोन दिवस आमच्यापैकी कुणाशी बोलणं टाकलं होतं. तिचं बरोबर होतं.

कुत्रा, मुलगा आणि स्फोट तिन्ही वेगवेगळे चित्रित करा. कान टवकारलेला कुत्रा पुडीच्या कुरकुरीवर मिळतो. घर हादरलेलं दाखवायला दिवा हलवा, कपाटातल्या कपबशा थरथरवा, छतावरून चिमूटभर धूळ सोडा. बाकीचं काम ध्वनिसंयोजकाचं. नकली काडतुसंही जवळून माणसाचा जीव घेऊ शकतात, त्यामुळे मुलाच्या किंवा कुत्र्याच्या आसपास बंदूक झाडायचा विचारच नको.

१०. ढिगारा, धूर, रक्त यांत काय काळजी घ्यावी?

कुत्रा चाटतो, हे धरूनच सगळं ठरवा. नकली रक्तात चॉकलेट सिरप घालायची पद्धत जुनी आहे, आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं. साखरेऐवजी वापरला जाणारा झायलिटॉल त्याहून घातक, म्हणून तयार बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय ती सेटवर आणू नका. धुळीसाठी मुलतानी माती सर्रास वापरतात, पण ती उडाली की फुप्फुसांत जाते. मोठ्यांना मास्क देता येतो, कुत्र्याला आणि शॉटमधल्या मुलाला नाही. त्या दोघांच्या शॉटमध्ये धूळ आधीच अंगावर आणि जमिनीवर लावून ठेवा, हवेत उडवू नका. ढिगाऱ्यात खरी काच, खिळे, पत्र्याच्या कडा नकोत. वरचा थर कॉर्क आणि रंगवलेल्या फोमचा करा, आणि प्रत्येक टेकआधी कुणीतरी तळहात फिरवून पाहा.

११. मुलाला रडायला लावायचं असेल तर ‘तुझा कुत्रा गेला’ असं सांगितलेलं चालतं का? खऱ्या अश्रूंची सर दुसऱ्या कशाला येत नाही.

हा प्रश्न मला दर वेळी अस्वस्थ करतो. मुलाला असं खोटं सांगणं ही फसवणूक आहे आणि तिची किंमत तो पुढे कित्येक वर्षं चुकवतो. रडणं चेहऱ्यावरच दिसायला हवं असं नाही. पाठमोरा मुलगा, थरथरणारे खांदे, पट्टा गुंडाळत राहणारी बोटं. प्रसंग काय आहे ते मुलाला आधी सरळ सांगा, तो खोटा आहे हेही सांगा, आणि टेक संपला की कुत्रा लगेच त्याच्याजवळ आणा.

कामाच्या तासांचे नियम देशागणिक बदलतात, जिथे चित्रीकरण कराल तिथले पाहा. अंदाजासाठी इंग्लंडचं उदाहरण : २०१४ च्या नियमांनुसार ५ ते ८ वर्षांचं मूल दिवसाला जास्तीत जास्त ८ तास चित्रीकरणाच्या जागी राहू शकतं आणि प्रत्यक्ष काम ३ तासच करू शकतं. ९ वर्षं आणि त्यावरच्या मुलांना साडेनऊ तास आणि ५ तास. दिवसाचं वेळापत्रक मुलाच्या तासांवरून आखा, आणि कुत्र्याचे शॉट त्यातल्या सकाळच्या वेळेत बसवा.

१२. जुन्या बाजारात खरे गॅस मास्क स्वस्तात मिळतात. मुलाला घालावेत का?

घालू नका. त्या काळच्या ब्रिटिश मास्कच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज वापरलेलं असे, आणि ऐंशी वर्षांनंतर ते सुटं होऊन श्वासात जाऊ शकतं. नक्कल करून घ्या. ते परवडत नसेल तर पुठ्ठ्याची पेटी दाखवा. मुलाने ती कुत्र्यापुढे उघडून त्याच्या नाकाला मास्क लावून बघावा असा प्रसंग एका पटकथेत होता, सुंदर होता. तो आम्ही कापडाच्या आणि रबराच्या नकली मास्कवर बसवला.

१३. भोंगा वाजायच्या आधीच कुत्र्याला विमानं कळतात, असं दाखवणं बरोबर आहे?

पटण्यासारखं आहे, आणि एक पैसा न खर्चता ताण निर्माण करतं : कुत्रा आधी उठतो, मग मुलगा, मग भोंगा. भोंग्यात मात्र चूक करू नका. धोक्याची सूचना चढ-उताराची, धोका टळल्याची सूचना एकाच सलग सुरातली. पटकथांत दोन्हींची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

अपवाद १९४४ चा. १३ जूनपासून लंडनवर येऊ लागलेल्या व्ही-१ या जर्मनांच्या वैमानिकाविना उडणाऱ्या बॉम्बच्या इंजिनाचा फटफटाट ऐकू यायचा, तो थांबायचा, आणि त्या शांततेनंतर स्फोट. आवाज चालू आहे तोवर भीती कमी, थांबला की जास्त, अशी ही उलटी तऱ्हा ध्वनीच्या बळावर उभ्या असलेल्या चित्रपटाला फार उपयोगी पडते. ८ सप्टेंबरपासून आलेला व्ही-२ अग्निबाण ध्वनीपेक्षा वेगवान होता. तो येताना ऐकूच यायचा नाही, कुत्र्यालासुद्धा. संपूर्ण चित्रपटभर आधी उठणारा कुत्रा या एका दिवशी झोपलेलाच राहतो. तुमची गोष्ट १९४४ पर्यंत जात असेल तर याचा विचार करा.

१४. जुनी युद्धचित्रफीत आणि त्या काळचं गाणं फुकट वापरता येतं ना?

दोन्हींची उत्तरं वेगळी. अमेरिकन सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून टिपलेली चित्रफीत साधारणपणे हक्कमुक्त असते, पण तिला जोडलेलं संगीत तसं असेलच असं नाही. ब्रिटिश संग्रहांकडून, उदाहरणार्थ इम्पीरियल वॉर म्युझियम्सकडून, परवाना घ्यावा लागतो. गाण्यात रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क निराळे. मुद्रण जुनं म्हणून मुक्त झालं तरी ब्रिटनमध्ये गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ७० वर्षं रचनेवर हक्क राहतो. मी सुचवतो की रेडिओवरून शब्द न कळणारी खरखर येऊ द्या आणि आईने अंगाईसारखं काहीतरी गुणगुणू द्या, ते तुमच्याच संगीतकाराकडून.

१५. शेवटी कुत्रा मेलाच पाहिजे का?

पाहिजे असं कुठेच नाही. पुष्कळ जण कुत्र्याला मारतात ते प्रेक्षक रडावा म्हणून, आणि प्रेक्षकाला ते समजतं. दुसऱ्या प्रश्नात लिहिलेला काळ डोळ्यांसमोर आणा : त्या घरांत कुत्रा वाचणं हीच मोठी घटना होती. तो जगला आणि मुलगा मोठा झाला, की आईने तेव्हा काय केलं असतं हे त्याला कळतं, असा शेवट मला जास्त खोल वाटतो.

गोष्टीला मृत्यूच हवा असेल तर तो पडद्याबाहेर ठेवा. कुत्र्याला निपचित पडायला शिकवता येतं, पण श्वासाने पोट हलतं, म्हणून शॉट अगदी छोटा किंवा कांबळ्याखालचा. चित्रीकरणासाठी गुंगीचं औषध द्यायचा सल्ला कुणी दिला तर त्याला सेटवरून घरी पाठवा.

१६. श्रेयनामावलीत ‘कोणत्याही प्राण्याला इजा झाली नाही’ असं लिहू का?

अमेरिकन ह्युमेन ही संस्था १९४० पासून चित्रीकरणांवर लक्ष ठेवते. त्याआधी एका चित्रपटासाठी घोड्याला कड्यावरून ढकललं गेलं होतं, त्या संतापातून हे सुरू झालं. इंग्रजीतलं ते प्रसिद्ध वाक्य त्या संस्थेचं नोंदणीकृत प्रमाणपत्र आहे, तिच्या देखरेखीशिवाय ते छापता येत नाही. प्रशिक्षकाचं आणि पशुवैद्याचं नाव द्या, कुत्र्याचंही द्या.

१७. बेवारस कुत्र्यांच्या निवाराघरातून आणलेल्या कुत्र्यासोबत चित्रीकरण केलं तर नंतर त्याचं काय करायचं?

हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं असलं पाहिजे. मुलाचा आणि कुत्र्याचा लळा आपणच लावलेला असतो (प्रश्न ८), आणि शेवटच्या शॉटनंतर कुत्रा परत पिंजऱ्यात गेला तर मुलाला ते कळतं. मुलाच्या घरी जागा आहे का, त्याच्या आई-वडिलांची तयारी आहे का, नसेल तर चमूतल्या कुणाची, हे करार करतानाच विचारा आणि लिहून घ्या. कुणाचीच तयारी नसेल तर ज्याला आधीच घर आहे असा कुत्रा शोधा. मुलालाही सुरुवातीलाच सांगा, की हा अमक्यांचा कुत्रा आहे, तो संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला जातो.